चकवा लागला की खाली बसायचं

रानातल्या शंका : वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त वनपालाची उत्तरं

प्रश्न : काका, मी ३४ वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला आहे. बरेच दिवस सर्व्हायव्हलचे व्हिडिओ बघतोय. चांगला चाकू, फायर स्टार्टर, दोर, पाणी गाळायची नळी असं सगळं घेऊन ठेवलंय. येत्या जुलैत सह्याद्रीत कुठेतरी तीन रात्री एकट्यानं, तंबू न नेता, मिळेल ते खाऊन राहायचा विचार आहे. स्वतःला अजमावायचंय आणि निसर्गाशी नातंही जोडायचंय. एखादी जागा सुचवाल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जागा सुचवणार नाही. पण तुमचं पत्र बाजूलाही ठेवणार नाही, कारण शेवटच्या ओळीतली इच्छा खरी वाटली.

आधी कायद्याचं बोलतो, जन्मभर तेच केलं. तुमच्या डोक्यात असलेली बहुतेक जंगलं एकतर राखीव वनं आहेत नाहीतर अभयारण्यं. राखीव वनात विस्तव करणं, झाड तोडणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरणंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना ही सगळी अभयारण्यं. तिथे रात्री चाकू लावून एकटा हिंडणारा माणूस गस्तीवरच्या वनरक्षकाला शिकारीच वाटणार, आणि त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?

आता ‘मिळेल ते खाऊन’. व्हिडिओवाले खाण्याच्या मागे लागतात, कारण ते बघायला गंमत वाटते. धडधाकट माणूस अन्नावाचून कितीतरी दिवस काढतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर माणसं अडकतात ती गारठ्यानं, पाय घसरून, ओढ्याच्या पाण्यानं आणि वाट चुकून. भुकेनं गेलेला ट्रेकर माझ्या ऐकिवातही नाही. शिवाय आपल्याकडे अर्धा दिवस चाललं की कुठला ना कुठला पाडा, वाडी लागतेच. त्यामुळे सह्याद्रीत तगून राहायचं म्हणजे एक रात्र नीट काढायची आणि उजाडल्यावर माणसांत यायचं. एवढंच. त्यासाठी काय यावं लागतं ते सांगतो.

गारठ्याला लोक फसतात, कारण जुलैत माथ्यावर पारा काही गोठण्यापर्यंत जात नाही. अठरा-वीस अंश असतो. पण अंगावर भिजलेली जीन्स, सुती टी-शर्ट आणि कड्यावरचा वारा असला की तेवढ्यातही अंगातली ऊब निघून जाते. आधी कापरं भरतं, मग बोटांना बंद-बटणं जमत नाहीत, जीभ जड होते, आणि नंतर माणूस वेड्यासारखे निर्णय घेतो. कापरं असतानाच कोरडे कपडे चढवायचे आणि वाऱ्याच्या आड बसायचं. धनगर भर पावसात घोंगडं घेऊन फिरतो ते हौसेनं नाही. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरते, सूत धरत नाही. चाकूवर जेवढे पैसे घातलेत त्याच्या चौथाईत एक घोंगडी आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा कपड्यांचा जोड झाला असता.

ओढा. वर कुठे ढग फुटला ते खाली उभ्या माणसाला कळत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातली माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली, तेव्हा काठावर लोक उभे होते. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की सामान सोडून वर चढायचं. पाणी गुडघ्याला लागलं आणि ओढ असली तर ओलांडायचं नाही, पलीकडे गाव दिसत असलं तरी. रात्री ओढ्याच्या पात्रात अंथरूण घालायचं नाही, मग ती वाळू कितीही मऊ असो.

पाणी प्यायचं झालं तर उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्यायचं. जास्त उंचीवर तीन मिनिटं सांगतात, पण तो आकडा दोन हजार मीटरच्या वरचा आहे आणि आपलं कळसूबाई १६४६ वर संपतं. तुरटीनं गाळ खाली बसतो, पण जंतूही मरतात असं धरून चालू नका. एक जुनी आठवण सांगतो. पूर्वी पायऱ्यांच्या विहिरी आणि टाक्यांच्या पाण्यातून नारू व्हायचा, पायातून दोऱ्यासारखा जंत ओढून काढावा लागे. साधं फडकं लावून पाणी गाळलं की तो टळत असे. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे फडकं काही कामाचं नाही असं नाही, फक्त त्यानं कावीळ अडत नाही.

विस्तव तुमच्या यादीत बहुधा सगळ्यात वर असेल. तो शिका, पण जंगलात नाही. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात, भर पावसात शिका. आमच्या बीटमधल्या, म्हणजे गस्तीच्या हद्दीतल्या, एका धनगर आजीची चूल बघत मी कितीदा बसलोय. जमिनीवर पडलेली काटकी ती उचलायची नाही. ती पाणी प्यायलेली असते. झाडालाच लटकून वाळलेली फांदी, नाहीतर उभी वाळलेली कारवी ती कोयत्यानं उभी चिरायची. वरची साल भिजलेली, आत मात्र पिवळा, कोरडा गाभा. त्या गाभ्याच्या ढलप्या निघेपर्यंत काडेपेटीला हातही लावायचा नाही. मग ढलप्या, त्यावर बोरूएवढ्या काटक्या, त्यावर अंगठ्याएवढ्या, आणि मोठं लाकूड चुलीच्या कडेला टेकवून वाळत ठेवलेलं. पेटल्यावर राखेत गोवरीचा तुकडा पुरून ठेवला की सकाळी फुंकर मारून पुन्हा जाळ. यात फायर स्टार्टरचं काम शेवटच्या दोन सेकंदांचं. आधीची वीस मिनिटं कोयत्याची आणि नजरेची. तुमच्याकडे ती वीस मिनिटं आहेत का, ते अंगणात कळेल.

वाट चुकणं. आमच्याकडे याला चकवा लागला म्हणतात. चालत राहावं आणि फिरून त्याच झाडाशी यावं. कुणी म्हणतं तंबाखू मळून खा, कुणी म्हणतं सदरा उलटा घाल, म्हणजे चकवा सोडतो. मी नवीन होतो तेव्हा हसायचो. पण बघा, सगळ्या उपायांत माणूस थांबतो, बसतो, हातानं काहीतरी बारीक काम करतो. डोकं ताळ्यावर यायला तेवढं पुरतं. चकवा मात्र थोतांड नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना सपाट, दाट जंगलात सरळ चालत राहायला सांगितलं आणि त्यांच्या वाटा जीपीएसवर नोंदल्या. २००९ मध्ये ते छापून आलं. ऊन होतं तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी मात्र गोल गोल फिरत स्वतःचीच वाट ओलांडत राहिले, आणि त्यांना वाटत होतं आपण नाकासमोर चाललोय. पावसाळ्यातल्या आपल्या माथ्यावर धुकं धरलं की सूर्य नाही, डोंगर नाही, वर सगळीकडे गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा. त्या कुठेही जात नाहीत, चरायला जातात. तेव्हा चकवा लागला की खाली बसायचं. पाणी प्यायचं. शेवटची खात्रीची खूण कुठली होती ते आठवायचं. ती जवळ असेल आणि उजेड असेल तरच तिथवर परत. नाहीतर तिथेच राहायचं आणि थोड्या थोड्या वेळानं तीन-तीन शिट्ट्या मारायच्या. धुक्यात ‘सरळ खाली उतरू’ हा विचार सगळ्यात वाईट, कारण कोकणच्या अंगाला सह्याद्री उतरत नाही, तुटतो.

निरभ्र रात्री ध्रुव शोधायला शिका. सप्तर्षीच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ वाढवली की सापडतो. पुण्यातून तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या जेमतेम दोन मुठी. इतका खाली की डोंगराआड सहज जातो. व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले असतात, तिथे तो चांगला वर असतो, म्हणून लोक इथेही वर बघत बसतात.

आता नात्याबद्दल. तीन रात्रींत नातं जुळत नाही, ओळखपाळखही होत नाही. रान आठवड्यातून एकदा, एकाच जागी जाऊन बसल्यानं कळतं. हिंजवडीहून घोरवडेश्वर जवळ आहे. तिथे वाटेपासून थोडी बाजूला जागा धरा. फोन बंद, कानात काही नाही, अर्धा तास. पहिली दहा-पंधरा मिनिटं काही दिसणार नाही, कारण तुम्ही येताना सगळ्यांना कळलेलं असतं. मग खार खाली येते, सातभाई पक्ष्यांचं टोळकं पाचोळा उलथायला लागतं. एखाद्या दिवशी तेच सातभाई एका झुडपाभोवती जमून कालवा करतील. उठू नका, फक्त त्यांची तोंडं कुठे आहेत बघा. मुंगूस असेल, साप असेल, घुबड असेल. कोण कुणाला घाबरतं, आवाज कुठून कुठे सरकतो, हे टेकडीवर शिकलात की भीमाशंकरच्या वाटेवर भेकर भुंकलं किंवा वानरानं खाकरल्यासारखा आवाज काढला तर तुमची मान आपोआप तिकडे वळेल. आम्ही बिबट्या बघितले त्यातले निम्मे वानरांनी दाखवले. ठसे वाचणंही असंच. ठशावर दवाचे किंवा पावसाचे थेंब पडल्याच्या खुणा असल्या तर जनावर त्याआधी गेलं, थेंबांच्या खुणा ठशाखाली चिरडल्या असतील तर नंतर. हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. टेकडीवरच्या कुत्र्याचे ठसे रोज बघितलेत की राहतं.

आणि झाडं. उन्हाळ्यात पानं झडलेली असताना नुसत्या सालीवरून दहा झाडं ओळखता यायला हवीत. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, काटेसावरीला काटे, पळसाचं खोड वेडंवाकडं. पान-फूल बघून कुणीही सांगतं.

म्हणून माझा सल्ला असा. जून ते ऑक्टोबर टेकडीवर बसा. दिवाळीनंतर, आभाळ मोकळं झालं की, माथ्यावरच्या एखाद्या गावात मालकाला विचारून त्याच्या खासगी रानात एक रात्र राहा, गावातला माणूस सोबत घेऊन आणि त्याची मजुरी देऊन. घरी कागदावर लिहून ठेवा : कुठलं गाव, कुठली वाट, परत कधी, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं. डोंगरात माणसं शोधायला जाणारी ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’ची पोरं स्वयंसेवक आहेत. त्यांना ‘सह्याद्रीत कुठेतरी’ एवढ्यावर रात्रभर चिखल तुडवायला लावू नका. पुढच्या पावसाळ्यात त्याच गावात, त्याच माणसाबरोबर जा. भीमाशंकरच्या बाजूला असाल तर गावाजवळच्या झाडीत रात्री त्याच्यासोबत बॅटरी विझवून उभे राहा. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसायला लागतो, बुरशीचा. चाकू घेऊन झोपडी बांधत बसलेल्याला तो कधीच दिसणार नाही, कारण त्याच्या कपाळावर हेडलॅम्प असतो.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. मे महिन्यात तिला जंगल शिबिराला पाठवायचंय. माहितीपत्रकात ‘कमांडो ट्रेनिंग, जंगल सर्व्हायव्हल, रात्रीचा ट्रेक’ असं सगळं आहे. शिबिरवाल्यांना काय विचारू? आणि ती समजा हरवलीच, तर तिला आधी काय शिकवून ठेवू?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ‘कमांडो’ शब्द दिसला की मी पत्रक बाजूला ठेवतो. तरी विचाराच. राज्य सरकारचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्याखाली नोंदणी केली आहे का? सर्पदंशावरची लस असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला, आणि रात्री दोन वाजता तिथे न्यायला गाडी उभी असते का? मे महिन्यात दुपारी मुलं कुठे असतात? या प्रश्नांना पटकन, नावानिशी उत्तर आलं तर माणसं कामाची आहेत. ‘अहो, आमच्याकडे आजवर काही झालेलं नाही’ हे उत्तर नाही.

किल्ल्यावर नेणार असतील तर आग्यामोहोळाबद्दल विचारा. डोंगरात माझ्या काळात सगळ्यात जास्त पळापळ आग्या माशांनी केली, बिबट्यानं नाही. कड्याला मोहोळ असेल तिथे आरडाओरडा नाही, धूर नाही, अंगाला अत्तर-परफ्यूम नाही. माशा उठल्याच तर तोंड झाकून लांब पळायचं, हात झाडत उभं राहायचं नाही.

हरवण्याचं शिकवणं सोपं आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळच्या डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि त्यातच दगावला. त्याला शोधणाऱ्यांनी नंतर मुलांसाठी एक शिकवण तयार केली : हरवलास की एक झाड धर आणि तिथेच थांब. चालत्या मुलाला शोधणं कठीण, थांबलेल्याला सोपं. झाड सोबतीला असतं म्हणून मूल घाबरून धावत सुटत नाही. तिच्या गळ्यात शिट्टी घाला, भडक रंगाची टोपी द्या. आणि हे मुद्दाम सांगा : तुझ्या नावानं हाका मारत अनोळखी लोक आले, काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन आले, तरी ओ द्यायची. आपण एरवी मुलांना अनोळखी माणसाशी बोलू नको म्हणतो ना, म्हणून हरवलेली मुलं शोधायला आलेल्यांपासूनच लपून बसतात. आणि हरवल्याबद्दल कुणी रागावणार नाही, हेही सांगा. ते खरंही करा.

शिबिराआधी घरी एक खेळ खेळा. बागेत तिचे डोळे बांधा, हाताला धरून एका झाडापाशी न्या, साल चाचपू द्या, वास घेऊ द्या, बुंध्याला कवेत घेऊ द्या. परत आणून डोळे सोडा आणि म्हणा, शोध तुझं झाड. नाशिकच्या गोदापार्कातही होईल. पैसे लागत नाहीत.

प्रश्न : फुरसं किंवा नाग चावला तर वापरायला मी ब्लेड, बांधायला रबरी नळी आणि विष ओढायचा पंप असं किट ऑनलाइन मागवलंय. ट्रेकला नेऊ का?
— अकरावीतला एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : नको नेऊस. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पंप कचऱ्यात टाक. ज्याला चावलं त्याला बसव, धीर दे, अंगठी-कडं काढून घे कारण सूज येते, तो हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा कर आणि १०८ ला फोन लाव. चालवू नकोस, उचलून न्या. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. घाटातल्या हिरव्या चापड्यावर ती चालत नाही, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. तुझं काम एवढंच की दगडाच्या फटीत न बघता हात घालायचा नाही आणि अंधारात बॅटरीशिवाय चालायचं नाही. गुडघ्यापर्यंतचे बूट असले तर ते किटपेक्षा बरे.

प्रश्न : साहेब, राग मानू नका. आमचे आजोबा रानात कंद खणून, झिऱ्याचं पाणी पिऊन, घोंगडीत झोपून जगले. त्याला कुणी सर्व्हायव्हल म्हटलं नाही, अडाणीपणा म्हटलं. आता शहरातली मंडळी आमच्याच डोंगरात येऊन तेच शिकवायचे हजारो रुपये घेतात आणि आम्हाला स्वयंपाकाला ठेवतात. याला काय म्हणायचं?
— एक वाचक, तालुका अकोले

उत्तर : राग कसला, तुमचंच खरं आहे. आणि आमच्या खात्यानंही त्यात भर घातली. तुमच्या आजोबांना कोयता घेऊन रानात दिसले म्हणून हटकणारे आम्हीच होतो.

बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी कडूकंद खाऊन दिवस काढल्याचं मी जुन्या माणसांकडून ऐकलंय. तो असाच खाल्ला तर विषारी. चकत्या करायच्या, शिजवायच्या, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, कडूपणा गेला की मग खायच्या. किती वेळ ठेवायचा, कुठला कंद धरायचा, कुठला सोडायचा, हे एखाद्या म्हातारीच्या जिभेवर असतं. ते दोन दिवसांच्या कोर्सात शिकवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तुमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावठी बियाणं जपलं, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याला मान मिळाला. कंद, वाटा, पाण्याच्या जागा यांच्या माहितीला अजून मिळायचाय.

तेव्हा स्वयंपाकाचं काम धरा हवं तर, पण वाटाड्याचा दर वेगळा लावा आणि तो आधी ठरवा. चार-पाच घरांनी मिळून ग्रामसभेतून ठरवलंत तर मोडायची कुणाची छाती होणार नाही. झिरा खणायला दाखवलात, घोंगडीची खोळ करून पावसात कशी पांघरायची ते दाखवलंत, तर ते शिकवणंच आहे, त्याचे पैसे मागायला लाजू नका. आणि एक माझं गाऱ्हाणं : तुमच्या गावातली पोरं हल्ली मला आंबट फळांचं काकडाचं झाड दाखवू शकत नाहीत. शहरातल्या माणसाला शिकवायला निघालात की मागे दोन आपली पोरंही चालू देत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त, दादरला राहते. गुडघ्यांमुळे चढण जमत नाही, पण या वयात निसर्गाच्या जवळ जावंसं वाटतं. भाची बदलापूरच्या मागच्या डोंगरावरून मोबाइलच्या ॲपवर फोटो ओळखून रानभाज्या आणते. ‘रानात राहायचं तर हे यायलाच हवं’ म्हणते. खाव्यात का?
— एक आजी, मुंबई

उत्तर : भाचीच्या हातचं खाऊ नका, निदान यंदा. फोटोवरून ओळखलेली भाजी आणि पोटात घालायची भाजी यांत फार अंतर आहे. कळलावीचं फूल सुंदर असतं, आणि तिचा कंद एखाद्या नवशिक्याला खायचा कंद वाटू शकतो. ती जीवघेणी आहे. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन वर्गच्या वर्ग दवाखान्यात गेल्याच्या बातम्या येत राहतात. अळंबी तर माहीतगार माणसानं हातात दिल्याशिवाय नाहीच. भाचीला सांगा, वर्षभरात एकच भाजी शीक, पण ती बी रुजल्यापासून शेंग वाळेपर्यंत बघ. टाकळ्यापासून सुरुवात करावी. पहिल्या पावसात कोवळा असतो, रस्त्याकडेला लागतो, फक्त गाड्यांच्या धुरातला घेऊ नये.

तुमच्याबद्दल. गुडघे आड येत नाहीत. तुमच्याकडे खिडकी आहे आणि वेळ आहे. रोज एकाच वेळी, एकाच खिडकीत बसा आणि वहीत दोन ओळी लिहा, नक्षत्रासकट. दादरमध्ये पर्जन्यवृक्षांच्या वाळक्या फांदीत तांबट पक्षी भोक पाडतो, दुपारभर टुक-टुक करतो. कुठल्या आठवड्यात सुरू झाला, कधी गप्प झाला, लिहून ठेवा. बहावा कधी फुलला ते लिहा. फुलल्यावर साधारण दीड महिन्यानं पाऊस येतो असं लोक म्हणतात. तुमच्या वहीत ते जुळतं का, बघा आणि मला कळवा. मी वर्षानुवर्षं हे ऐकतोय, पण तारखा लिहून ठेवणारी माणसं कमी.

आणि रानभाजी खायचीच असेल तर ज्येष्ठात दादरच्या बाजारात कर्जत-पालघरकडच्या बाया पाट्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून घ्या. घासाघीस न करता पाटीशेजारी टेका आणि विचारा, कुठून आणली, कशी करायची. सांगतात, आवडीनं सांगतात. शेवळं दिसली तर त्यांच्यापाशीच हिरवी, आवळ्यापेक्षा लहान, आंबट काकडं मागून घ्या. शेवळानं घसा खाजतो, काकडाच्या आंबटपणानं ती खाज मोडते. आधी कोवळी शेवळं बारीक चिरून तेलात चांगली परतायची, काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा, मग पुढचं वाटण. चिरताना हाताला तेल लावा. काही जणी काकडाऐवजी चिंच किंवा बोंडाऱ्याचा पाला वापरतात, तेही चालतं. यांतलं काहीच मिळालं नाही तर त्या दिवशी शेवळं घेऊ नका, कंटोळी घ्या.